बोअरमध्ये कॅमेरा सोडून तपासणी: नवीन बोअर मारायच्या आधी एकदा हे करून बघा (पुरंदर, बागेचा बोअर)

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. बोअरमध्ये कॅमेरा सोडून आतली तपासणी करून देणारी जी सेवा आता तालुक्याच्या गावालाही मिळायला लागलीये, ती आम्ही आमच्या अंजिराच्या बागेतल्या जुन्या बोअरसाठी घेतली. कॅमेऱ्याचे साडेचार हजार, मोटर वर काढून परत सोडायचे वेगळे. पैसे वसूल झाले, पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय. काम करणाऱ्यांचं नाव मुद्दाम टाकत नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही की कुणाला पाडायचं नाही, तुमच्या भागात जो कोणी हे करत असेल त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि आधी काय विचारायचं एवढं कळावं म्हणून लिहितोय.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर ढगात फारसं काही उरत नाही, कऱ्हा नदी वर्षातले बरेच महिने कोरडीच असते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, नाव झालं, दर पण बरा मिळतो, पण मीठा बहार धरला की फळ निघतं मार्च ते मे मध्ये, झाडाला पाणी नेमकं तेव्हा लागतं जेव्हा जमिनीखाली ते सगळ्यात कमी असतं. बागेला एक विहीर आहे आजोबांच्या वेळची, ५० फूट, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर १८० फुटाचा साडेसहा इंची बोअर. गेल्या काही उन्हाळ्यांपासून बोअर पाऊण तास चालला की मोटर हवा ओढायला लागायची, पाणी लालसर गढूळ, ठिबकचे फिल्टर सारखे चोक, मोटरचे इंपेलर (पाणी वर फेकणारे आतले पंखे) झिजले म्हणून ते बदलूनही झाले. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच, "बोअर संपला, नवीन मारा, खाली जा." एजंटनं तर सहाशे फुटाचा हिशोब मांडून दिला, फुटाचा रेट, केसिंग (वरची भिंत ढासळू नये म्हणून बोअरमध्ये घालतात तो पाईप), मोटर, केबल सगळं धरून आकडा तीन लाखाच्या वर जात होता आणि अण्णांनी (माझे वडील) जवळजवळ मनावर घेतलं होतं.

आता हे सहाशे फूट वगैरे जे सर्रास बोललं जातं ना, त्याबद्दल कायदा काय आहे ते माहिती असू दे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९, जो २०१४ पासून लागू झाला, त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई आहे. गावोगाव हा कायदा पाळला जात नाही, उन्हाळा लागला की तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअर मारायच्या गाड्या रात्रभर घरघरत असतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो नियम कुणीतरी ऑफिसात बसून उगाच केलेला नाही, त्यामागचं कारण आम्हाला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसलं.

आधी कामाची पद्धत सांगतो. कॅमेरा सोडायचा तर मोटर वर काढावी लागते आणि ते कॅमेरावाले करत नाहीत, ती पोरं वेगळी. चेन पुली लावून एकेक पाईप मोकळा करत वर घ्यायचा, आमच्या जुन्या लोखंडी पाईपचे सॉकेट गंजून धरून बसलेले त्यामुळं यातच संध्याकाळ झाली, ज्यांच्याकडं एचडीपीईचा (प्लास्टिकचा) अखंड पाईप आहे त्यांचं लवकर उरकतं. मोटर काढल्यावर बोअर निदान एक रात्र शांत ठेवायचा, कारण मोटर ओढताना भिंती खरवडल्या जातात, पाणी ढवळतं आणि ढवळलेल्या पाण्यात कॅमेऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. हे आम्हाला त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, त्याबद्दल पूर्ण मार्क. रात्री बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण घालून बोल्ट आवळले. उघड्या बोअरमध्ये लेकरं पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच याबद्दल नियम घालून दिलेत, तरी कितीतरी शिवारांत बोअरवर नुसतं पोतं टाकलेलं दिसतं. पोतं म्हणजे झाकण नाही, एका रात्रीचा प्रश्न असला तरी कृपा करून असं करू नका.

सकाळी दोघंजण पिकअप घेऊन आले. सामान फार नाही. दोन-अडीच इंच जाडीचा स्टीलचा कॅमेरा, तोंडाशी गोल एलईडी, एक भिंग खाली बघणारं आणि एक बाजूला बघणारं, बाजूचं ते गोल फिरवता येतं, मग वायरचा ड्रम, त्याला फूट मोजणारं मीटर, तीन पायांचं स्टँड आणि स्क्रीन. सगळं बॅटरीवर त्यामुळं लाईटची वाट बघत बसावं लागलं नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात खोली दिसत राहते. अण्णा, शेजारचे नाना, त्यांची दोन पोरं आणि मी, सगळे पिकअपच्या मागं ताडपत्रीच्या सावलीत दाटीवाटीनं उभे.

पहिले २० फूट केसिंगचा निळा पाईप, आणि तो संपल्या संपल्या कळलं की लाल पाणी कुठून येतं. केसिंग पक्क्या दगडात नेऊन टेकवायचं असतं, आमचं मुरुमातच थांबवलेलं. २० ते २८ फुटापर्यंत मुरूम ढासळून भिंतीत खबदाड पडलेलं, त्यातून झाडाची बारीक मुळं खाली लोंबत होती आणि एक ओला ओघळ सारखा चालू. वरची माती, शेणखत, रासायनिक खत, फवारणीचं पाणी, जे काही वरून झिरपेल ते थेट बोअरमध्ये. मारताना गाडीवाल्यानं आठ-दहा फूट केसिंग वाचवलं आणि त्याची भरपाई इतकी वर्षं मोटर दुरुस्तीत चाललीये. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी प्यायला वापरतात त्यांनी तर हे पहिले तीस फूट डोळ्यात तेल घालून बघा.

त्याखाली काळा पाषाण. गुळगुळीत भिंत, कुठं भेग नाही, कोरडी ठणठणीत. ४७ फुटाला रंग बदलला, जांभळट राखाडी, भिंतीला बारीक बारीक भोकं आणि काही भोकांत पांढरे खडे लाईटमध्ये चमकत होते. हा मांजऱ्या खडक. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ही भोकं, आणि नंतर पाण्यातून येऊन त्यात जमलेली पांढरी खनिजं म्हणजे झिओलाईट, पुण्याच्या आसपासच्या खाणीतले असले खडे जगभरातल्या संग्रहालयांत गेलेत, वाघोलीचा निळा कॅव्हनसाईट ज्यांनी बघितलाय त्यांना माहिती असेल. ५३ फुटाला बाजूचं भिंग फिरवलं तर भिंतीतून करंगळीएवढी पाण्याची धार सुटून खाली पडत होती. अण्णा लगेच म्हणाले, "हा तर विहिरीचा झरा!" बरोबर होतं त्यांचं, विहिरीचा तळ ५० फुटाला, तिच्या पूर्वेच्या अंगाला खाली हाच भोकाभोकांचा दगड दिसतो आणि तिथूनच पाझर येतो. सातबाऱ्यावर विहीर वेगळी आणि बोअर वेगळा, जमिनीखाली दोन्ही एकाच थराला तोंड लावून बसलेत.

८९ फुटाला विटकरी लाल पट्टा लागला, गेरूचा. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून झाकून टाकली, ती ही माती. ओली झाली की फुगते आणि ढासळते. आमच्या बोअरमध्ये इथं भिंतीचा मोठा तुकडा निसटून गेलेला, मोटरची केबल घासल्याच्या खुणासुद्धा स्पष्ट दिसत होत्या, मागं मोटर अडकली होती ती इथंच.

पाण्याची पातळी ९६ फुटाला. पाण्यात शिरल्यावर सुद्धा बऱ्यापैकी नितळ दिसत होतं. ११४ फुटाला दोन थरांच्या सांध्यावर आडवी फट, बोटभर रुंद, अर्ध्या भागावर लाल गाळ लिंपल्यासारखा बसलेला. तिथं कॅमेरा धरून ठेवला तर पाण्यात तरंगणारे बारीक कण फटीकडून बोअरच्या मध्याकडं हळूहळू सरकताना दिसले, तिथून पाणी आत येतंय. आमच्या बागेला जगवणारं पाणी असं आत येताना बघून अंगावर काटा आला, खरंच सांगतो. मग तळ. मीटरवर १८० यायला हवे होते, कॅमेरा १६१ लाच चिखलात टेकला. १९ फूट गाळ, आणि मोटर सोडलेली होती १५५ ला. इंपेलर का झिजतात याचं उत्तर तिथंच मिळालं.

पण मी हा रिव्ह्यू ज्या गोष्टीसाठी लिहायला घेतला ती पुढंच आहे. वर येताना कॅमेरा पाण्याच्या पातळीच्या जरासा वर थांबवून भिंतीवर लाईट धरली होती आणि तेवढ्यात थ्री फेज (मोटरी चालवायची लाईट) आली. आमच्या शिवारात सगळ्यांच्या पॅनेलला ऑटो स्विच, लाईट आली की ज्याची त्याची मोटर आपोआप सुरू. आमची तर बाहेर काढून ठेवलेली. आणि स्क्रीनवर पाण्याची रेघ खाली सरकायला लागली. आधी वाटलं वायर हलतेय, पण फुटाचं मीटर जागच्या जागी. चहा पिऊन होईस्तोवर भिंतीवर वीतभर ओला पट्टा उघडा पडला, नंतर तो वाढत वाढत दीड फुटावर गेला, आणि आमच्या बोअरमधून एक थेंब उपसलेला नाही. नाना गप्प झाले. त्यांचा बोअर आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांनी कुणी काही म्हणायच्या आत पोराला पिटाळलं, मोटर बंद करायला लावली, आणि थोड्या वेळानं रेघ थांबली, मग अगदी हळू वर यायला लागली. नाना एवढंच म्हणाले, "म्हंजे आपण एकमेकाचंच पाणी पितोय की." त्या एका वाक्यानंतर आमच्या दोन घरांत बोअरवरून जे काही होतं ते बऱ्यापैकी मिटलं.

बऱ्याच लोकांची समजूत अशी असते की खाली कुठंतरी नदी वाहतेय किंवा तळं भरलंय आणि जितकं खाली जाल तितकं जास्त पाणी. आपल्याकडं तसं नाहीये. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग या दख्खनच्या बसाल्टवर बसलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतत गेलेले लाव्हाचे थर, आणि त्यात पाणी राहतं ते फक्त वरच्या मुरुमात, मांजऱ्याच्या भोका-भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. पाणी धरणाऱ्या अशा थराला भूजलवाले जलधर म्हणतात. मधल्या काळ्या पाषाणात पाणी धरायला जागाच नसते आणि जसजसं खोल जाल तसतशा भेगाही कमी होत जातात. म्हणून सहाशे फूट मारून कधी कधी पाणी लागतं ते सुद्धा बऱ्याचदा वरच्याच थरांतलं, ते बोअरच्या पोकळीतून खाली पडून साठतं आणि मोटर ते उपसून काढते, मालकाला वाटतं खालचं पाणी लागलं. नवीन पाणी नाही मिळालेलं, शेजारच्याच्या विहिरीतलं मिळालंय.

आणि या थरात मावतं किती त्याचा हिशोब करून बघा, मी केला तेव्हा रात्री झोप लागली नाही. असल्या फुटक्या-सच्छिद्र बसाल्टमध्ये आपल्याला उपसता येईल असं पाणी एकूण दगडाच्या फक्त दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्याखाली दहा फूट जाडीचा थर पाण्यानं पूर्ण भरलेला असेल तर दोन टक्क्यांनी होतात ८,७१२ घनफूट, म्हणजे साधारण अडीच लाख लिटर. तासाला पाच हजार लिटर फेकणारी मोटर आठ तास चालवली की चाळीस हजार. एका एकराखालचं सगळं पाणी सहा दिवसांत साफ! आजूबाजूनं येत राहतं म्हणून विहिरी चालतात, पण आजूबाजूला पण मोटरी आहेतच. भरतं किती ते पण बघा, ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एकरावर वीस लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरा, दोन लाख झाले. वर्षाला एकरी दोन लाख लिटर, एवढीच आपली कमाई. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर नको असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवतात ते यामुळंच, पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात पण त्यांनी मांडलेला हा हिशोब आपल्या गावात कुणी मांडत नाही.

असो, परत सेवेकडं येतो. व्हिडिओ बघितल्यावर नवीन बोअरचा विषय अण्णांनी स्वतःच बंद केला. मग आम्ही काय केलं, तर कॉम्प्रेसर लावून बोअर फ्लश (हवेच्या दाबानं आतून साफ) करून घेतला, सगळा गाळ निघून परत १८० फूट मोकळा झाला आणि ११४ ची फट पण बरीच साफ झाली असावी कारण फ्लशिंगच्या शेवटी पाणी स्वच्छ यायला लागलं. जुन्या केसिंगच्या आतून लहान मापाचा पीव्हीसी पाईप सोडला, ढासळणाऱ्या मुरुमासमोर आणि गेरूसमोर साधा आणि ५३ व ११४ च्या झऱ्यांसमोर जाळीचा, कुठं साधा आणि कुठं जाळीचा हे फुटांवर सांगता आलं ते फक्त व्हिडिओमुळं. वरती केसिंगच्या भोवतीची पोकळी सिमेंटनं भरली. पाच एचपीची मोटर काढून तीनची टाकली, कारण झरा जेवढं देतो त्यापेक्षा जास्त वेगानं ओढलं की पातळी लगेच पडते आणि मोटर हवा मारते. आता बोअर सलग अडीच-तीन तास चालतो, पाणी स्वच्छ येतं, फिल्टर आठवड्यातून एकदा धुतला की पुरतो. पाणी वाढलं असं मी म्हणणार नाही, जेवढं आहे तेवढं नीट मिळायला लागलंय. सगळा खर्च मिळून नवीन बोअरच्या चौथाईतसुद्धा गेला नाही.

नानांनी आणि आम्ही मिळून ऑटो स्विचला टायमर लावले, लाईट आली की आधी त्यांचे दोन तास मग आमचे, पुढच्या आठवड्यात उलट. यात पैसे फार लागत नाहीत, फक्त दोघांनी एकत्र बसून व्हिडिओ बघावा लागतो. ओढ्याकडच्या दोघा-तिघांना पण पेन ड्राईव्ह दिलाय, बघू या, त्यांनी पण वेळा वाटून घेतल्या तर अख्ख्या थरालाच श्वास मिळेल.

आता तक्रारी, म्हणजे एक स्टार का कापला. पहिलं म्हणजे रिपोर्ट. तीन पानांची पीडीएफ आली, त्यात अर्धा मजकूर छापील, मांजऱ्या कुठं, गेरू कुठं, सांधा कुठं याचा साधा उभा नकाशा सुद्धा नाही, नुसतं "पाण्याचे झरे आढळले" असं लिहिलेलं. व्हिडिओत सगळं होतं म्हणून मी स्वतः फूट लिहून काढले आणि वहीत चित्र काढलं, पण एवढे पैसे घेता तर हे तुम्हीच द्या ना. दुसरं, सुरुवातीला कॅमेरा फार भराभरा खाली सोडत होते, खालच्या भिंगात भिंत नीट दिसतच नाही, आम्ही थांबवून थांबवून बाजूचं भिंग फिरवायला लावलं तेव्हा कुठं ५३ ची धार सापडली. तुम्ही शेजारी उभे राहा आणि जिथं रंग बदलेल, ओल दिसेल तिथं थांबायला सांगा, लाजू नका.

तिसरं जरा गंभीर आहे. काम झाल्यावर त्यातला एक जण सहज म्हणाला की अजून दीडशे फूट वाढवा, खाली नक्की पाणी आहे. कॅमेऱ्याला फक्त खोदलेल्या भिंतीचं दिसतं, जिथं भोकच नाही तिथलं त्याला काय कळणार. मी तसं विचारल्यावर तो पण मान्य झाला, पण दुसरं कुणी असतं तर कॅमेरावाल्यानं सांगितलं म्हणून गाडी बोलावून मोकळं झालं असतं. न खोदलेल्या जागेचा अंदाज घ्यायचा तर त्याला रेझिस्टिव्हिटीचा सर्व्हे लागतो, जमिनीत चार सळया ठोकून बाहेरच्या दोनातून करंट सोडतात, आतल्या दोनात व्होल्टेज मोजतात, सळया जितक्या लांब नेत जाल तितक्या खोलीचा अंदाज येतो, ओला मुरूम-मांजऱ्या करंट सहज जाऊ देतो आणि पक्का पाषाण अडवतो. तो सुद्धा अंदाजच, पण त्याला काही आधार आहे. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचे भूवैज्ञानिक जिल्ह्याला असतात, राज्यभर त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजली जाते. तुमच्या गावाच्या आसपासच्या विहिरीचे आकडे मिळवून बघा, आपली पातळी कुठल्या दिशेनं चाललीये ते कळतं. नारळ आणि काडी घेऊन पाणी दाखवणाऱ्यांवर गावाची श्रद्धा आहे, मी कुणाच्या श्रद्धेला बोल लावत नाही, पण हातावर उभा राहिलेला नारळ खाली गेरू कितव्या फुटाला आहे ते सांगू शकत नाही, आणि लाखो रुपये त्याच्यावर लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधी विचारून घ्या जी आमच्याकडं ऐनवेळी निघाली. कॅमेरा आत अडकला तर कोण भरणार? आमच्यासमोर सही करायला जो कागद ठेवला त्यात ती जबाबदारी सरळ ग्राहकाची लिहिली होती. आम्ही ती ओळ खोडायला लावली, थोडी बोलाचाली झाली पण शेवटी खोडली. ढासळणारा बोअर असेल तर अडकायची शक्यता खरंच असते, त्यामुळं आधी दोरीला वजन बांधून बोअर कुठपर्यंत मोकळा आहे ते बघूनच कॅमेरा सोडायला लावा, चांगले लोक ते करतातच. दुसरं, कॅमेरा आणि वायर तुमच्या बोअरमध्ये सोडायच्या आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायला सांगा, काल तो कुठल्या बोअरमधून आलाय माहिती नसतं आणि लोह धरणारे जिवाणू एकदा बोअरमध्ये शिरले की गंजासारखा चिकट थर धरतात, झरे बुजवतात.

बोअर आतून बघितला की रिचार्जचं, म्हणजे पावसाचं पाणी परत जमिनीत कसं मुरवायचं त्याचं पण नीट ठरवता येतं. आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की शेतातलं पावसाचं वाहतं पाणी बोअरमध्येच सोडा. आमच्यासारखं केसिंग असेल तर असं चुकूनही करू नका, गढूळ पाणी आणि खत-औषधं थेट थरात जातील आणि थर एकदा खराब झाला तर तो धुता येत नाही. आम्ही ओढ्याच्या बाजूला खड्डा घेऊन त्यात मोठे दगड, खडी, वाळू असे थर भरलेत, त्यातून गाळून आलेलं पाणी विहिरीत सोडलंय, विहीर आणि बोअर एकाच मांजऱ्यावर आहेत हे आता माहिती असल्यामुळं विहिरीत मुरलेलं बोअरला पण मिळणार.

कुणी घ्यावी ही सेवा? ज्यांचा जुना बोअर अचानक कमी झालाय, गढूळ येतोय, मोटर अडकतेय किंवा वारंवार जळतेय, त्यांनी नवीन बोअरचा विचार करायच्या आधी घ्यावीच. शहरातल्या सोसायट्यांनी पण घ्या, टँकरवर वर्षाला जेवढा खर्च करता त्यापुढं हे काहीच नाही आणि केसिंग फुटून आत ड्रेनेज झिरपतंय का ते पण दिसेल. ज्यांचा बोअर पहिल्या दिवसापासून कोरडा आहे त्यांनी पैसे घालवू नका, त्यांना जागेचा सर्व्हे हवा.

वेळ शक्यतो एप्रिल-मे ची धरा, पातळी खाली असते त्यामुळं जास्त भिंत उघडी दिसते आणि वरचे झरे चालू आहेत की बंद ते समजतं, पावसाळ्यात पाणी वर येतं नि गढूळ असतं. फक्त त्या दिवसांत बागेला दोन दिवस पाणी बंद राहणार आहे हे धरून आदल्या दिवशी ठिबक पुरेसा चालवून घ्या, झाडाच्या बुडाला पाचट असेल तर काही होत नाही. व्हिडिओची फाईल तिथंच मोबाईलवर किंवा पेन ड्राईव्हवर घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोलीचा आकडा दिसतोय ना ते बघा आणि मगच राहिलेले पैसे द्या.